तीन नंबरची खेळती हवा

“वारा बघा,” बाबा म्हणाले आणि त्यांनी आठल्यांना हॉलमध्ये दोन दारांच्या बरोबर मधोमध उभं केलं. “पुढचं दार इथे, मागचं दार तिथे. नाकासमोर सरळ रेषा. अख्ख्या बिल्डिंगमध्ये दोन दारं फक्त आपल्या तीन नंबरच्या ब्लॉकला. पंखा लावायची गरज नाही.”

आठल्ये डोळे मिटून उभे राहिले. वारा अजिबात नव्हता. एप्रिलमधल्या दुपारी खारवलीत झाडाचं पान हलत नाही. पण घर विकत घ्यायला आलेल्या माणसाला बरंच काही जाणवतं.

“आहे, आहे,” ते म्हणाले. “हिलाही फार उकडतं.”

‘ही’ म्हणजे त्यांची बायको. ती दाराशी चपला काढून भिंतीला धरून उभी होती. तिला उकडतं की नाही ते तिने सांगितलं नाही. आल्यापासून ती काहीच बोलली नव्हती. तिला चहा चालतो की सरबत, तिचे गुडघे कधीपासून दुखतात, हे सगळं आठल्येच सांगत होते.

बारावीची परीक्षा देऊन मी नुकतीच मोकळी झाले होते आणि हे घर विकलं जावं अशी माझी मनापासून इच्छा होती. बोरिवलीला काकांच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये बाबांनी ब्लॉक पाहून ठेवला होता. तिसरा मजला, एकच दार. आठल्यांनी हो म्हटलं की आम्ही सुटलो. फक्त एक गोष्ट बाबांनी आठल्यांना सांगितली नव्हती. त्या नाकासमोरच्या सरळ रेषेतून वर्षातून एकदा देवी जात असे.

खारवली म्हणजे ठाण्याच्या पुढे, खाडीच्या कडेला. आधी तिथे मिठागरं होती आणि भाताची खाचरं. मग स्टेशन आलं, मग औषधांचा कारखाना आला, मग आमच्यासारखी माणसं आली. आमच्यासारखी म्हणजे ज्यांना दादर-गिरगाव परवडत नाही, पण तसं कबूल करायचं नसतं अशी. त्यामुळे नव्या वस्तीतला प्रत्येक जण ‘सध्या’ खारवलीत राहत होता. आमच्या वरचे फणसे सध्या राहता राहता तिथेच वारले.

आमची बिल्डिंग उभी राहिली ते शेत चांगो पाटलांचं. गावदेवीची पालखी चैत्री पौर्णिमेला खाडीवर न्हायला जाते आणि परत येते ती पाटलांच्या बांधावरून, अशी रीत. ही वाट बंद व्हायची नाही, एवढी एकच अट पाटलांनी जमीन देताना घातली. बिल्डर शब्दाचा पक्का निघाला. त्याने वाट बंद केली नाही. बांध जिथून जात होता तिथल्या ब्लॉकला एक दार पुढे काढलं, एक दार मागे काढलं, आणि ‘खेळती हवा’ म्हणून चार पैसे जास्त लावून तो बाबांच्या गळ्यात मारला.

बाबांनी तो आईला न विचारता घेतला. आईला विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. गिरगावची खोली सोडायची हे तिला सामान बांधायच्या वेळी कळलं. माझं नावसुद्धा बाबांनी परस्पर ठेवलं. यात दुष्टपणा काही नव्हता. बाबा विमा कंपनीत हेडक्लार्क, युनियनचे पुढारी, पक्के नास्तिक. स्त्री-पुरुष समानतेवर ते फार छान बोलत. घरी येईपर्यंत मात्र थकलेले असत.

पहिल्या वर्षी मी पाचवीत होते. संध्याकाळची वेळ, आई बोंबील तळत होती. मागच्या अंगणातून एकाएकी बेंजोचा दणका आला. दार उघडलं तर समोर आठ माणसं, गुडघ्यापर्यंत खाडीच्या चिखलानं भरलेली, खांद्यावर पालखी आणि मागे अख्खं गाव. बेंजो थांबला. पाटलांची थोरली बहीण बामीबाय पुढे आली आणि तिने देवीच्या वतीनं हाक दिली.

“घरधनीन बाय, येव का गो?”

बाबा धावत पुढे झाले. “काय प्रकार आहे हा? कोणाच्या परवानगीनं?”

“तुमाला नाय इचारलं, शेट,” चांगो पाटील शांतपणे म्हणाले. “देवी घरधनीनीला इचारते. आदी हितं आमचं खोपटं होतं, तवा आमचे आयला इचारायची. घरधनीन हां बोलली त येनार. नाय बोलली त उलटी फिरनार. नि मंग परत या वाटंला कदी नाय येनार.”

आईच्या हातात झारा होता. तिने पालखीकडे पाहिलं, बामीबायकडे पाहिलं, मग त्या सोळा पायांकडे पाहिलं. लादी तिने तासाभरापूर्वीच पुसली होती.

“ये बाई,” ती म्हणाली. “पण पाय पुसून ये.”

बामीबाय जी हसायला लागली ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना, आणि तिच्यामागे सगळेच हसले. आईने गोणपाट टाकलं. पालखी खांद्यावर तोलून धरत एकेका भोयाने पाय पुसले आणि देवी आमच्या स्वयंपाकघरातून, हॉलमधून, बाबांच्या आरामखुर्चीला वळसा घालून पुढच्या दारानं निघून गेली.

दुसऱ्या वर्षी देवी आली तेव्हा गाव त्याच शब्दांची वाट बघत होतं. आई “ये बाई” म्हणाली आणि थांबली, तर मागून पोरं ओरडली, “पुडचा बोला, पुडचा!” तिसऱ्या वर्षी ती रीत झाली. हल्ली पालिकेने शहराच्या इतिहासाची जाडजूड स्मरणिका काढली आहे. तिच्यात ‘पाय पुसून ये’ या प्रथेचा उगम थेट शिलाहार काळात नेऊन ठेवला आहे. शिलाहार काळी मी पाचवीत होते.

बाबांनी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली. बिल्डरला नोटीस पाठवली. त्याने उलट कळवलं की दोन दारं आपण स्वतः पसंत केली होती. शेवटी उपाय एकच उरला. दर वर्षी ते आईला बजावत, “यंदा नाही म्हण. एक शब्द. नाही. संपला विषय.” आई मान डोलवायची. आणि मग दारात बामीबायची हाक आली की म्हणायची, “ये बाई.”

“तोंडातून निघून गेलं,” ती नंतर सांगायची.

देवी घरात शिरते यापेक्षा ती बाबांना विचारत नाही याचाच त्यांना जास्त राग होता, असं मला आता वाटतं. नास्तिक असले तरी घरातले कर्ते पुरुष होते ते.

म्हणून घर विकायचं ठरलं. आईला ते जेवताना कळलं. “तिथे मासळीबाजार जवळ आहे का?” एवढंच तिने विचारलं. “सापडेल,” बाबा म्हणाले. मग आठल्यांचा निरोप आला की एखाद्या रविवारी घर बघायला येतो. कुठल्या रविवारी बोलवावं, याचा बाबा मोठ्यानं विचार करत होते. आमटी वाढता वाढता आई म्हणाली, “या रविवारी पाण्याचा दिवस आहे. नळ सोडून दाखवता येईल.”

खारवलीत पाणी एक दिवसाआड यायचं. बाबांना ती युक्ती इतकी आवडली की दोन मिनिटांत ती त्यांची स्वतःची झाली.

तर आता रविवार होता, नळाला पाणी होतं, आणि आठल्ये न्हाणीघरात नळ सोडून त्या धारेकडे कौतुकानं बघत होते.

“प्रेशर चांगलं आहे,” ते बाहेर येत म्हणाले. “आणि शांतता? मला दुपारी दोन तास झोप लागते. आवाज झाला की माझं डोकं उठतं.”

“शांतता?” बाबा हसले. “टाचणी पडली तरी ऐकू येईल.”

तेवढ्यात लांबून, खाडीच्या बाजूनं, बेंजो ऐकू आला.

“लग्न,” बाबा म्हणाले. “लग्नसराई आहे.” आणि त्यांनी उठून त्या बाजूच्या खिडक्या लावल्या. खेळत्या हवेचं घर दाखवताना खिडक्या लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाबांचा हिशोब असा होता की गेल्या वर्षी पालखी एप्रिलच्या अगदी शेवटी आली, तेव्हा यंदाही शेवटीच येणार. तिथी म्हणजे त्यांच्या लेखी भटांनी काढलेलं थोतांड. ऑफिसच्या डायरीत नसलेला दिवस ते मानत नसत. अधिक मासानंतर चैत्राच्या तारखा पुढे जातात आणि त्याच्या पुढल्या वर्षी मागे येतात, हे त्यांच्या कानावर कधी पडलं असेल तर त्यांनी ते तिथेच सोडून दिलं असेल.

मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर आमचं सगळ्यात मोठं पातेलं होतं, मोठी पंगत असली तरच माळ्यावरून निघणारं, आणि ते काठोकाठ पन्ह्यानं भरलेलं होतं. आई वेलची कुटत होती.

“एवढं? दोघंच तर आलेत.”

“उन्हाचे दिवस आहेत,” आई म्हणाली.

मागच्या दाराशी नवं कोरं गोणपाट घातलेलं होतं. मी गोणपाटाकडे बघितलं, मग दारामागच्या कॅलेंडरकडे बघितलं. आजच्या चौकोनात गोल पांढरा चंद्र.

“आई, आज पौर्णिमा आहे?”

“असेल,” आई म्हणाली आणि वेलचीची सालं बाजूला काढू लागली.

मी पळत बाहेर आले आणि बाबांच्या कानाशी लागले. त्यांचा चेहरा पडला, पण युनियनचा पुढारी म्हणजे प्रसंगावधान असतंच.

“चला, गच्ची दाखवतो,” ते आठल्यांना म्हणाले. “वरून सगळी खाडी दिसते.”

“गच्ची?” आठल्ये म्हणाले. “अहो, जिने चढवत नाहीत म्हणून तर तळमजला बघतोय.”

“मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात मस्तपैकी—”

“हिला बाहेरचं चालत नाही.”

बेंजो जवळ आला. मिठागराच्या कडेनं, मग बिल्डिंगच्या मागे, मग आमच्या अंगणात. बाबांनी स्वयंपाकघरात जाऊन मागच्या दाराची कडी लावली आणि परत येऊन खुर्चीत बसले, जणू सगळं जग कडीला मान देतं. बेंजो थांबला. खरोखरच टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

“घरधनीन बाय, येव का गो?”

“कोण आहे?” आठल्यांनी विचारलं.

“कोळीण,” बाबा म्हणाले. “मासे घेऊन येते.”

“बेंजो वाजवत?”

बाबांनी रुमालानं मान पुसली. बाहेरून दुसरी हाक आली, जरा मोठी. आठल्ये उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, त्यांच्यामागे त्यांची बायको, आणि खिडकीच्या गजांतून त्यांना झेंडूच्या माळा, गुलाल आणि निदान शंभर डोकी दिसली.

“टिपणीस, हा काय प्रकार आहे?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाबांनी गावकीच्या रूढीवर छोटंसं भाषण केलं आणि शेवटी सौदा वाचवायला म्हणाले, “पण आजपासून हे कायमचं बंद. माझी बायको एकदा नाही म्हणाली की देवी या वाटेनं परत येत नाही. त्यांचाच नियम आहे. तुम्हाला जन्मात त्रास होणार नाही. कुमुद, सांग त्यांना.”

आईने हात पुसले आणि कडी काढली.

दारात पालखी होती. बामीबाय आता पार वाकली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण उभी होती पुढेच. आई तिच्याकडे बघून किंचित हसली. मग वळली, पण बाबांकडे नाही. आठल्यांच्या बायकोकडे.

“वहिनी,” ती म्हणाली, “उद्या घर तुमचं होणार. तुम्ही सांगा. येऊ दे का हिला?”

“तिला काय विचारता?” आठल्ये म्हणाले. “तिला असल्या गोष्टी—”

“मी त्यांना विचारलं,” आई म्हणाली.

एवढ्या वर्षांत माझ्या आईला मी कोणाचं वाक्य तोडताना ऐकलं नव्हतं.

“मला?” त्यांची बायको म्हणाली. बारीक आवाज होता तिचा, न वापरलेला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पालखीकडे पाहिलं, आणि अंगावरचा पदर सारखा केला. “दारात उभी राहून एवढं विचारतेय... तर येऊ दे की.”

बामीबायनं तिसरी हाक दिली. बाबा पाठीमागून दातओठ खात, हलक्या आवाजात म्हणत होते, “नाही म्हण. कुमुद, नाही म्हण.” मीसुद्धा मनात तेच म्हणत होते. बोरिवली, तिसरा मजला, एकच दार. सगळं आईच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. तिने बाबांकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाबांना वाटलं असावं की ती ऐकतेय, कारण त्यांनी मान हलवून तिला धीर दिला.

आई दाराकडे वळली.

“ये बाई,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “पाय पुसून ये.”

अंगणात जो गजर झाला त्याने आमच्या कपबश्या हलल्या. बेंजो सुरू झाला. आठ जण पाय पुसून आत आले, पालखी चौकटीखाली वाकली, गुलाल पंख्याच्या पात्यांपर्यंत उडाला. आणि आई मधोमध उभी राहून हुकूम सोडत होती. “ए, भिंतीला हात लावू नकोस. जरा डावीकडून, खुर्ची लागेल. तू पुन्हा जा मागे, टाच पुसली नाहीस.” ती दांडगी माणसं पोरांसारखी तिचं ऐकत होती. हीच बाई घरात मीठ कमी पडलं तर तेसुद्धा बाबांनीच शोधून काढावं अशी वागायची. मी तिच्याकडे बघतच राहिले. किती छान दिसत होती ती, आणि मला नि बाबांना ते माहीतच नव्हतं.

पन्हं सगळ्यांना पुरलं. बामीबायनं आईची ओटी भरली आणि तिच्या गालाला हात लावला. “पुडचे साली हायेस ना गो?”

“पन्हं घ्या,” आई म्हणाली.

आठल्ये पुढच्या दारात पालखीच्याही आधी पोचले होते. “टाचणी!” एवढाच एक शब्द त्यांनी बाबांच्या तोंडावर फेकला आणि चालू लागले. त्यांची बायको चपला घालायला मुद्दामच वेळ लावत होती. तिच्या कपाळावर, केसांत, नाकाच्या शेंड्यावर गुलाल होता. हातातला रिकामा पेला तिने आईला दिला. “वेलची छान लागली होती,” ती म्हणाली, आणि मग जिने चढवत नाहीत म्हणणाऱ्या नवऱ्याला गाठायला बऱ्यापैकी भरभर गेली.

गाव देवळाकडे गेलं. घरात गुलाल, झेंडूच्या पाकळ्या आणि बाबा उरले.

“तुला तारीख माहीत होती,” बाबा म्हणाले.

आई गुडघ्यांवर बसून लादी पुसत होती. “कॅलेंडर सगळ्यांसाठीच टांगलंय.”

“पाण्याचा दिवस म्हणे! पाण्याचा दिवस!” बाबांचा आवाज चढला. “सौदा गेला, चारचौघांत माझी शोभा झाली. घर मी घेतलं, विकणार मी, आणि तू मला न विचारता, माझ्यामागे परस्पर सगळं ठरवून टाकलंस? विचारायचंस तरी मला! एका शब्दानं विचारायचंस!”

आई थांबली. तिने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि वर पाहिलं.

“हो ना,” ती म्हणाली. “असं न विचारता परस्पर ठरवलं की फार राग येतो, नाही?”

मॅनेजमेंटला जेरीस आणणारा माणूस तो. बाबा आरामखुर्चीत जाऊन बसले आणि गुलालानं लाल झालेल्या आपल्या पायांकडे बघत राहिले. बोरिवली मला एकदम फार लांबचं गाव वाटायला लागलं.

बाबा रोज सकाळी उठले की तडक स्वयंपाकघरात शिरून पाटावर बसत आणि चहा मागत. दुसऱ्या दिवशी ते आले, तर उंबऱ्याशीच थांबले. हातात वर्तमानपत्र, अंगात बनियन, कानामागे अजून थोडा गुलाल. आई स्टोव्हकडे तोंड करून उभी होती. मी पोळीला तूप लावत होते, ते लावायची राहिले.

बाबा खाकरले.

“येऊ का?”

आईने मागे वळून पाहिलं नाही. तिने चहात साखर घातली, ढवळली.

“येऊ का?” बाबा पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज जरा खाली होता.

आईने आधणावर झाकण ठेवलं. काल देवीला तीनदा विचारावं लागलं, तर बाबा कोण लागून गेले होते?

“कुमुद,” बाबा म्हणाले, “आत येऊ का?”

“या,” आई म्हणाली. “पाय पुसून या.”